आकड्याचं शेपूट कापू नका

परग्रहांवरच्या लेखात अधिक-उणे, त्रुटीची मर्यादा असलं काही घालू नये, वाचक पान उलटतो, हे मत मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या मंडळींना आता पाठ झालं आहे. त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतात ते नुसते विक्रम. सर्वांत तापलेला ग्रह, कोळशाहून काळा ग्रह, हिऱ्याचा ग्रह, म्हातारीच्या केसांइतका हलका ग्रह. आकडा ठसठशीत, पण त्याचं शेपूट छाटलेलं. कुणी हटकलं तर तीन उत्तरं तयार असतात. सामान्य वाचकाला त्यातलं काही कळत नाही. मुलं विज्ञानाकडे वळतात ती अचंब्यानेच. आणि शोध आपल्या शास्त्रज्ञांचा असेल तर कौतुकाच्या वेळी खुसपटं काढू नयेत. ही तिन्ही उत्तरं मला अमान्य आहेत. ती का, हे सांगायला मी आधी जयपूरला जाणार आहे, कारण विक्रम आणि अचूकपणा यांची गल्लत बघायला याहून चांगली जागा भारतात नाही.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेलं तिथलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. जगातलं सर्वांत मोठं दगडी सूर्यघड्याळ अशी त्याची ख्याती. सगळं जंतर-मंतर २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिरप्या भिंतीची कड ध्रुवाकडे रोखलेली, जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे २७ अंशांना जरा कमी, अशी चढत गेलेली. दोन्ही अंगांना पाव वर्तुळाच्या कमानी आणि त्यांवर रेघा. दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ, असं वाटाडे सांगतात आणि लिहिणारे तसंच लिहितात. कारणही लगोलग दिलं जातं: एवढं मोठं, म्हणून एवढं अचूक.

जरा त्या कमानीपाशी वाकून बघा. तिची त्रिज्या सुमारे १५ मीटर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा भिंतीच्या कडेची सावली तासाला जवळजवळ ४ मीटर सरकते. मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर, सेकंदाला मिलिमीटरभर. सावली डोळ्यांदेखत चालताना दिसते आणि माणूस थक्क होतो, ते योग्यच आहे. पण सावलीची कड नेमकी कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवायला गेलं की पंचाईत होते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे. भिंतीची कड ती तबकडी एकदम झाकत नाही, हळूहळू झाकते. म्हणून गडद सावली आणि लख्ख ऊन यांच्यामध्ये एक करडा पट्टा पडतो. १५ मीटरवर भूमितीच्या हिशेबाने त्याची रुंदी १४ सेंटीमीटरच्या आसपास येते. हे १४ सेंटीमीटर ओलांडायला सावलीला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. रेघा दोन-दोन सेकंदांच्या आणि सावलीची कड दोन मिनिटांची!

यंत्र दुप्पट मोठं बांधलं असतं तर? सेकंदाच्या वाट्याची जागा दुप्पट झाली असती आणि करडा पट्टाही दुप्पट झाला असता. वेळेच्या हिशेबात धूसरपणा तेवढाच, कारण तो सूर्याच्या आकारातून येतो, भिंतीच्या उंचीतून नाही. आकाराचा विक्रम इथे काही कामाचा नाही.

मग दोन सेकंदांची गोष्ट थापच म्हणायची का? तसंही नाही. कमानीपासून थोड्या अंतरावर, भिंतीच्या कडेला समांतर असा एक बारीक दोरा किंवा काडी धरायची, करड्या पट्ट्यातून ती मागेपुढे न्यायची आणि तिची स्वतःची सावली कुठे विरते ते बघायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अशाने सराईत निरीक्षक काही सेकंदांपर्यंत खरोखर पोचतो. अचूकपणा आहे तो त्या दोऱ्यात आणि न कंटाळता मोजणाऱ्या माणसात. तरीही हाती येते ती जयपूरची सूर्यवेळ. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळवायची तर रेखांशाची जवळजवळ २७ मिनिटं आणि ऋतूप्रमाणे बदलणारा, कधी कधी पाव तासाचा, फरक हिशेबात धरावा लागतो. शिवाय १९०१-०२ मध्ये गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या यंत्रांची मोठी दुरुस्ती झाली, तिचाही वाटा आजच्या वाचनात आहे. (त्या कामात गॅरेटच्या जोडीला होते चंद्रधर शर्मा गुलेरी, पुढे ‘उसने कहा था’ ही कथा लिहिणारे. जंतर-मंतरच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मला हा तपशील जास्त आवडतो.)

आकारावर खुद्द जयसिंहाचीही भिस्त होती. पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून चुना-दगडाची मोठी यंत्रं बांधली, असं त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. पोर्तुगालला माणसं पाठवून त्याने ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं आणवली, ती आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढली. दोष ठेवला तो युरोपातल्या यंत्रांच्या लहान व्यासावर. निदान चुकलंच होतं. चंद्राची वाकडीतिकडी गती गणितात बसवणं ही तेव्हाची खरी अडचण होती, आणि तिकडे यंत्रांना दुर्बिणी जोडल्या जाऊन बरीच वर्षं लोटली होती. इंग्लंडात जेम्स ब्रॅडली या ज्योतिर्विदाने साडेबारा फुटी यंत्राने ताऱ्यांचं वीस विकलांचं सरकणं पकडलं आणि १७२८ च्या सुमारास त्याचा उलगडा केला. वीस विकला म्हणजे अर्ध्या अंशाचा नव्वदावा भाग. तोवर सम्राट यंत्र पुरतं उभंही राहिलं नसेल.

तरी जयसिंह मोठाच, आणि तो उंचीमुळे नाही. परदेशातून आलेली छापील कोष्टकं त्याने शिरोधार्य मानली नाहीत. ती किती चुकतात ते मोजलं आणि चुकीचा आकडा लिहून ठेवला. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. त्यांनी नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीचं ज्योतिषही आणलं. परक्याचं वाचायचं आणि मग ताडून बघायचं, ही त्या दरबाराची रीत होती. तिचा वारसा सांगणाऱ्यांनी ‘जगातलं सर्वांत मोठं’ एवढंच म्हणून थांबावं, हा जयसिंहाचा अपमान आहे.

आता त्याच राजस्थानात, अरवलीच्या नैर्ऋत्य टोकाला, माउंट अबूच्या गुरुशिखरावर या. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची तिथे वेधशाळा आहे. ‘पारस’ नावाचा वर्णपटमापक १.२ मीटरच्या दुर्बिणीला जोडून तिथल्या गटाने २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी हा ग्रह जाहीर केला. अंतर सुमारे ७३० प्रकाशवर्षं, आणि स्वतःच्या ताऱ्याभोवती सव्वासात दिवसांत फेरी. ‘टेस’ या अवकाश दुर्बिणीने ताऱ्याचा उजेड ठरावीक काळाने किंचित मंदावताना टिपला होता. गुरुशिखरावरून ताऱ्याची मागेपुढे होणारी हालचाल मोजली, आणि त्यावरून वस्तुमान निघालं. घनता आली घन सेंटीमीटरला १४.१ ग्रॅम. आपल्या गुरूची १.३ च्या आसपास, शिशाची ११.३. माहीत असलेल्या महाकाय ग्रहांतल्या सर्वाधिक घनतेच्या ग्रहांपैकी हा एक, असं शोध लावणाऱ्यांनी नीट तोलून लिहिलं. बातमी होईपर्यंत ‘पैकी एक’ हे शब्द गळून पडायला किती वेळ लागतो, ते वाचकांना मी सांगायला नको.

शोधनिबंधात तो आकडा एकटा नाही. १४.१, अधिक १.७, उणे १.६, असा आहे. म्हणजे खरी घनता साडेबारा ते पावणेसोळा यांच्या दरम्यान असण्याचा संभव जास्त. ग्रह शिशापेक्षा घन आहे, हे यावरून बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पाऱ्यापेक्षा घन आहे, हे म्हणता येत नाही, कारण पाऱ्याची १३.५ घनता याच पट्ट्यात पडते. आणि ही त्रुटी आळशीपणाची नाही. ग्रहाची त्रिज्या थेट मोजता येत नाही. ग्रह ताऱ्याचा कितवा भाग झाकतो ते कळतं आणि ते ताऱ्याच्या त्रिज्येशी गुणावं लागतं. ताऱ्याच्या त्रिज्येतली चूक मुकाट्याने ग्रहात उतरते. पुढे घनता काढताना त्रिज्येचा घन करायचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांची चूक साडेदहा टक्क्यांची होते. वस्तुमानातली साडेचार टक्के तिला मिळाली की १४.१ ला ते शेपूट येतं. ते कापणं म्हणजे गुरुशिखरावरच्या लोकांची मेहनतच कापणं.

वस्तुमानाची कथा आणखी गमतीची आहे. ते आहे गुरूच्या १२.८९ पट, त्रुटी ०.५८ च्या घरात. सुमारे तेरा गुरूंच्या वर गेलं की पोटात ड्युटेरियम जळायला लागतं आणि त्या वस्तूला ग्रह न म्हणता तपकिरी बटू म्हणण्याचा प्रघात आहे. १२.३ ते १३.५ या पट्ट्यातून तेराची रेघ आरपार जाते. त्रुटी छापलीच नाही, तर आपण कुणाला मुकुट घालतो आहोत हेही कळणार नाही. दुसऱ्या बाजूने, २००८ मध्ये जाहीर झालेला कोरोट-३ बी गुरूच्या जवळजवळ २२ पट वजनाचा आणि २६ ग्रॅमच्या आसपास घनतेचा आहे. त्याला ग्रहांत घेतलं तर अबूचा विक्रम उरतच नाही. आणि इतकी घनता म्हणजे आत शिसं-सोनं भरलंय असंही नाही. बहुतेक सगळा हायड्रोजनच, स्वतःच्या वजनाखाली चेपलेला. गुरूच्या पुढे वस्तुमान वाढत जातं, आकार मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून घनता चढते. पानभर वाचण्यासारखं भौतिकशास्त्र आहे ते हे.

इथे तिसऱ्या उत्तराचा निकाल लागतो. आपल्या शास्त्रज्ञांच्या कौतुकात खुसपट नको म्हणणारे त्यांच्या निबंधातला निम्मा मजकूर खोडत असतात. आणि भारतभूमीवरचा दावा म्हणून डोळे मिटायचे असतील तर १८५५ साल आठवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचा प्रमुख कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब याने भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या कक्षेतली गडबड पाहून तिथे एखादा ग्रह असण्याची शक्यता बरीच आहे, असं मांडलं. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा हा अगदी सुरुवातीचा दावा. जेकब पुण्याशी जोडलेला माणूस. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली होती. पुढे पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा काढायला म्हणून तो विलायतेहून परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये पुण्यातच वारला. त्याचा ग्रह टिकला नाही. त्या जोडीत पुढे कल्पिलेल्या ग्रहाची कक्षा टिकूच शकत नाही, हे मोल्टन या ज्योतिर्विदाने १८९९ मध्ये गणिताने दाखवलं. जेकबने निदान ‘शक्यता’ म्हटलं होतं.

हिऱ्याच्या ग्रहाकडे वळू. ५५ कॅन्क्री ई, कर्क राशीत, ४१ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या आठपट वस्तुमानाचा. भारतात जन्मलेले निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गणित मांडलं की ग्रहात कार्बन भरपूर असेल तर त्याच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा हिरा असू शकेल. मथळ्यांत ‘तर’ कुठे गेला, देव जाणे. कार्बन ग्रहात कुणीच मोजला नव्हता. ताऱ्यात ऑक्सिजनच्या मानाने कार्बन जास्त आहे, गुणोत्तर १.१२, तेव्हा ग्रहातही असेल, असा तो तर्क होता. जयपूरच्या जोहरी बाजारातला कुठलाही सराफ शेजारच्या दुकानातला खडा पारखून आपल्या हातातल्या खड्याची पावती फाडणार नाही. त्यातही १.१२ चं शेपूट ०.१९ चं होतं, म्हणजे ऑक्सिजनच जास्त असण्याची वाट तेव्हाही उघडी होती. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने तोच तारा पुन्हा मोजला आणि गुणोत्तर आलं ०.७८. हिऱ्याचा पायाच ढिला झाला. मथळे मात्र अजून फिरतात. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये या ग्रहाभोवती वातावरण असल्याच्या खुणा दाखवल्या. खाली बहुधा वितळलेला खडक, वर कार्बनच्या ऑक्साइडांचं वातावरण. हिऱ्यापेक्षा हे कितीतरी रंजक आहे, पण त्याला बाजारभाव नाही.

तापमानांच्या विक्रमात तर मोजलेलं आणि कल्पिलेलं एकाच ताटात वाढतात. २०१७ मध्ये जाहीर झालेला केल्ट-९ बी सर्वांत तापलेला म्हणतात. त्याच्या दिवसाच्या बाजूचा उजेड खरंच मोजलेला आहे. ४,६०० केल्विनच्या आसपास, कित्येक ताऱ्यांहून जास्त. वेगवेगळ्या दुर्बिणींनी जवळपास तेवढंच दिलं, म्हणून तो आकडा भरवशाचा. रात्रीच्या बाजूला मात्र एका दुर्बिणीतून सुमारे २,५५० आणि दुसरीतून ३,००० च्या वर आले. पाचशे अंशांचा हा तंटा का, तर दोघी वेगवेगळ्या रंगाचा उजेड बघतात आणि वातावरणाच्या वेगवेगळ्या खोलीतून तो येतो. दुसऱ्या टोकाला, २००६ मध्ये जाहीर झालेला ओगल-२००५-बीएलजी-३९० एलबी. उणे २२० अंश, सर्वांत थंड! या ग्रहाचा कणभर उजेडही कुणी पाहिलेला नाही. ताऱ्याचा अंदाज, अंतराचा अंदाज, आणि त्यावरून काढलेलं तापमान. उलट एप्सिलॉन इंडी एबी या ग्रहाचं जेम्स वेबने थेट चित्र घेतलं आणि २०२४ मध्ये त्याचं तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचं कळलं. विक्रमांच्या तक्त्यात हे कुठल्या कुठे खाली. माझ्या लेखी मात्र प्रत्यक्ष पाहिलेले २ अंश हे न पाहिलेल्या उणे २२० पेक्षा मोलाचे.

हलक्या ग्रहाची कथा थोडक्यात आटपते. वास्प-१९३ बी, २०२४, घनता ०.०५९, त्रुटी ०.०१४, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. तरी बातम्यांत त्याला ‘दुसरा क्रमांक’ मिळाला. पहिला आणि दुसरा यांच्यातल्या फरकापेक्षा त्रुटीच मोठी असेल तर क्रमांक कसला लावता?

एक गोष्ट मात्र विरोधकांना मान्य करतो. अचंब्याशिवाय कुणी आकाशाकडे बघत नाही, आणि मुलांना आधी काळा ग्रह, तापलेला ग्रह हेच दाखवावं. पण मग पुढची पायरी कुणी दाखवायची? हिऱ्याचा ग्रह म्हणून भारावलेलं मूल तीन वर्षांनी ‘हिरा नाहीच’ असं वाचतं, तेव्हा त्याच्या हाती एकच निष्कर्ष उरतो: शास्त्रज्ञ आज एक बोलतात, उद्या दुसरं. १.१२ च्या मागचे ०.१९ त्याला पहिल्याच दिवशी दाखवले असते, तर ०.७८ आल्यावर त्याने टाळी वाजवली असती. कथा तीच, पण ज्याला शर्यतीचे नियम माहीत आहेत त्यालाच ती रंगते. शिवाय विक्रमांच्या यादीत ताऱ्याला चिकटून फिरणारे तापलेले, अवाढव्य ग्रहच का भरलेले असतात, हेही त्याला विचारता आलं असतं. असे ग्रह ताऱ्याला जोराने हलवतात आणि वारंवार झाकतात, म्हणून आपल्या जाळ्यात तेच आधी येतात. यादी विश्वाची नाही, जाळ्याची आहे.

राहिलं पहिलं उत्तर, वाचकाला कळत नाही, हे. हे कुणाबद्दल बोलताय? ज्या घरांत घटी-पळांचं पंचांग भिंतीवर असतं, त्या घरांबद्दल? कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत, बाकी महाराष्ट्र दुसरी पंचांगं मानतो, आणि अयनांश वेगळा धरल्यामुळे काही वर्षी अधिक महिना वेगळा पडून दोघांचे गणपती महिन्याच्या अंतराने येतात. राशिचक्राचा आरंभ नेमका कुठे धरायचा, या वादावर इथे सणाची तारीख हलते, आणि लोकांना त्याचं काही वाटत नाही. अशा वाचकाला ‘अधिक १.७, उणे १.६’ झेपणार नाही, हे ठरवणाऱ्यांनी वाचकाला विचारलेलंच नाही.

संपादकांकडे मागणी लहानशी आहे. परग्रहाचा आकडा येईल तिथे त्याच्या मागोमाग त्याची त्रुटी छापा, त्याच टाइपात. तो मोजलेला की हिशेबाने काढलेला, हे एका शब्दात सांगा. या दोन्हींना मिळून अर्धी ओळ लागते. ती मथळ्यातल्या उद्गारचिन्हांच्या जागेतून काढा.